पाणी लागून खराब झाले

मागच्या खोलीतलं मोठं टेबल भिंतीपासून ओढून मधोमध आणलं होतं. त्यावर स्वच्छ पांढरा कागद अंथरला होता, आणि कोणाचं तरी ऑपरेशन असावं तशी घरची सगळी मंडळी त्याच्या चारही बाजूंनी जमली होती. चिमटीने खिडकीजवळची, सगळ्यांत लांबची खुर्ची धरली. खरं म्हणजे आजचा मान तिचा. बाबांची कॉमिक्स मरणाच्या दारातून ओढून आणली ती तिने, असं गेली अकरा वर्षं हे घर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतं. मानाचा माणूस असा कोपऱ्यात का बसलाय, हे कोणीतरी विचारायला हवं होतं. पण या घरात चिमटीला प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. तिला कागदातलं कळतं, एवढ्यावर विषय संपायचा.

"ताई, इकडे ये ना मध्ये," पोपट म्हणाला. पोपट म्हणजे धाकटा भाऊ. विमा विकून विकून त्याची जीभ अशी सैल झाली होती की झोपेतही तो कोणाला तरी पटवत असावा. "उत्सवमूर्ती खिडकीत आणि आम्ही फुकटे समोर, हे काय बरं दिसतं?"

"इथे उजेड चांगला आहे," चिमटी म्हणाली.

उजेड तिला नकोच होता. टेबलावर ओळीने मांडलेल्या चार चपट्या पेट्यांमधली चौथी कोणीही उघडू नये, एवढंच तिला हवं होतं.

पेट्या उघडायला आलेली बाई तिचीच जुनी विद्यार्थिनी. कागददुरुस्तीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, शब्दन् शब्द उतरवून घेणारी. आता ती संग्रहालयात मोठ्या जागेवर होती. बाबांच्या 'डुलक्या'चं प्रदर्शन भरवायचं तिच्याच डोक्यातून निघालं होतं, आणि प्रत्येक अंकाची तब्येत आज ती स्वतः तपासून लिहून घेणार होती. डुलक्या म्हणजे बाबांनी काढलेला रात्रपाळीचा पहारेकरी. पहाऱ्याला बसला की झोपायचा, आणि झोपेत चालत जाऊन नेमका चोराच्याच अंगावर कोसळायचा. बेचाळीस अंक निघाले, तेही छापखान्यात उरलेल्या सगळ्यांत हलक्या कागदावर. असा कागद स्वतःच्याच आंबटपणाने स्वतःला खातो. आधी पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, मग उलगडायला गेलं की घडीवर तुटतो आणि कडांचा चुरा मांडीवर पडतो.

अकरा वर्षांपूर्वी याच खोलीत, याच टेबलावर, चिमटीने पानं सुटी करून चुन्याच्या निवळीत धुतली होती. निवळीने कागदातला आंबटपणा मरतो. एकेक पान न्हाऊन निघालं, टिपकागदात वाळलं, फाटलेल्या जागी खळ लावून पातळ कागदाचं ठिगळ बसलं. अंकामागून अंक असा जगला, आणि चिमटीचं नाव झालं.

"मॅडम, हे काम बघून मला पुन्हा वर्गात बसल्यासारखं वाटतंय," विद्यार्थिनी म्हणाली. पहिली पेटी झाली होती, दुसरी चालू होती. हातात भिंग, डोळ्यांत कौतुक. "घडीवरचं ठिगळ दिसतसुद्धा नाही. मी मुलांना दाखवायला याचे फोटो घेऊ?"

"घे की," चिमटी म्हणाली, आणि शरमेने तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"काय म्हणतायत त्या?" दादाने विचारलं.

दादाला नवव्या वर्षी मोठा ताप आला आणि तापाबरोबर बरंचसं ऐकू येणं गेलं. कानात यंत्र होतं, पण यंत्राला नुसता गलका कळायचा. दादाचे खरे कान म्हणजे वहिनी. कोण काय बोललं ते त्या त्याच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवून, मोजक्या शब्दांत पुन्हा सांगायच्या. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली. जगातलं बहुतेक बोलणं दादापर्यंत वहिनींच्या आवाजात पोचलं होतं.

वहिनी आत्ताही दारात उभ्या होत्या, हातात टॉवेल. दवाखान्याच्या धुलाईत नोकरी केल्यापासूनची ती सवय. "ताईंचं काम सुंदर आहे म्हणतायत," त्यांनी तिथूनच दादाला सांगितलं.

"आहेच मुळी," दादा म्हणाला. त्याने प्रेमाने चिमटीकडे पाहिलं आणि ते प्रेम चिमटीला दातात खडा आल्यासारखं लागलं.

छोटीने, म्हणजे दादाच्या मुलीने, पिशवीतून कागद काढला. शाळेत भूगोल शिकवून तिला प्रत्येक गोष्टीचा तक्ता करायची सवय लागली होती. "आत्या, प्रदर्शनाच्या दारात लावायचा मजकूर लिहिलाय. ऐक. 'हे अंक आज आपण पाहू शकतो याचं श्रेय चित्रकाराच्या कन्येला आहे. तिने बेचाळीस अंक एकटीने वाचवले.' चालेल?"

"श्रेयबिय कशाला," चिमटी म्हणाली.

"बघा, केवढा हा विनय," पोपट म्हणाला. "आणि त्याखाली बारीक अक्षरांत लिही, त्रेचाळिसावा अंक वहिनींनी धुतला."

हसू फुटलं. दर वेळी फुटायचं. हा विनोद अकरा वर्षांचा होता, आणि पोपट तो दर भेटीत नवा कोरा असल्यासारखा काढायचा. वहिनीसुद्धा हसायच्या. आजही हसल्या, आणि हसता हसता कोरडेच हात टॉवेलला पुसले.

"काका, पुरे," छोटी म्हणाली. "पाहुण्यांसमोर तरी."

"अगं, मी कुठे रागावलोय? अपघात तो. हो की नाही हो वहिनी? ओलं फडकं घेऊन टेबल पुसायचा उत्साह एखाद्याला असतो."

"चुकलंच माझं," वहिनी म्हणाल्या.

चिमटीने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या घराची भिंत होती.

घरात बाजू ठरलेल्या होत्या. पोपट बहिणीकडून, छोटी आईकडून, आणि दादा कोणाच्याच बाजूचा नाही. तो त्या अंकाच्या बाजूचा. त्या प्रकारानंतर चार महिने तो बायकोशी धड बोलला नव्हता. पुढे बोलायला लागला, पण मागच्या खोलीची किल्ली त्याने आपल्या खिशात ठेवली ती ठेवलीच. वहिनींनी कधी तक्रार केली नाही. त्या या खोलीचा केरसुद्धा त्याच्यासमोर काढायच्या.

त्रेचाळिसावा अंक दादाचा होता. बेचाळीस अंकांनंतर छापखान्याने डुलक्या बंद केला, आणि त्याच महिन्यात दादाला ताप आला. ताप उतरला तेव्हा मुलगा बिछान्यात बसून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता, आणि बाबांना त्याच्याशी काय बोलावं ते कळेना. मग एक दिवस त्यांनी नवा अंक आणून त्याच्या पांघरुणावर ठेवला. खास तुझ्यासाठी एकच प्रत छापून घेतली, असं पाटीवर लिहून त्याला सांगितलं. त्या अंकात डुलक्याला आवाज दिसायला लागतात, अशी गोष्ट होती. घंटेचा 'ठण्ण' पिवळाधमक, पानभर. भांडं पडल्याचा 'खळ्ळकन' तांबडा. आईच्या हाकेचा निळा. मुलगा तो अंक उशाशी घेऊन झोपायचा. पन्नास-साठ वर्षं तो एवढंच सांगत आला, की बाबांनी माझ्या एकट्यासाठी मशीन चालू करायला लावलं.

आता त्या अंकात नुसत्या काळ्या रेघा उरल्या होत्या. रंगांच्या जागी फिकट, एकमेकांत गेलेले डाग. वरच्या पाकिटावर चिमटीच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अंक ४३. पाणी लागून खराब झाले. हाताळू नये.'

त्या ओळीत एकही शब्द खोटा नव्हता. पाणी लागलं होतं, खराब झालं होतं. चिमटी अनेकदा स्वतःला हेच सांगायची. झाले. भाषेत सोयच आहे तशी. कोणी केलं ते सांगायची गरजच पडत नाही, सगळं आपोआप झाल्यासारखं लिहिता येतं. मग ऐकणारे मोकळी जागा आपल्या मनाने भरतात. घरच्यांनी ती जागा वहिनींच्या नावाने भरली, आणि चिमटी गप्प बसली. पहिल्या दिवशी गप्प बसली म्हणून दुसऱ्या दिवशीही, आणि मग बोलायला फार उशीर झाला म्हणून अकरा वर्षं.

"चौथी पेटी," विद्यार्थिनी म्हणाली.

"ती राहू दे," चिमटी पटकन बोलली. "त्यात तो खराब झालेला अंक आहे. प्रदर्शनात ठेवण्यासारखा नाही. उगाच उघडझाक नको."

"मॅडम, नोंद तरी करावी लागेल."

"मी सांगते ना, नोंद माझ्याकडे आहे. तुला पाठवीन."

विद्यार्थिनी थांबली. इतकी वर्षं जिने 'कागद बघितल्याशिवाय कागदाबद्दल बोलायचं नाही' म्हणून मुलांना झाडलं, ती बाई आज कागद न बघता नोंद घे म्हणत होती. दादाने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी सांगितलं, "ताई म्हणतायत, तुमचा अंक नको उघडायला."

"का नको?" दादाचा आवाज नेहमीच चढा असायचा, आत्ता जास्तच चढला. "उघडू दे. संग्रहालयात आता नवनवीन युक्त्या असतील. काही होण्यासारखं असेल तर यांना विचारायला नको? मी आज त्याच्यासाठीच बसलोय, चिमटे. बाकीच्या बेचाळीस अंकांशी मला काय करायचंय?"

त्यावर कोणी काय बोलणार? पाकीट उघडलं गेलं.

विद्यार्थिनीने चिमट्याने पहिलं पान उचलून पांढऱ्या कागदावर ठेवलं. मग दुसरं, मग तिसरं. तिने खाली वाकून कडा बघितल्या. पान उजेडासमोर धरलं, उलटं केलं. चिमटीला तिच्या डोक्यात चाललेलं एकेक वाक्य ऐकू येत होतं, कारण ती वाक्यं तिनेच त्या डोक्यात घातली होती. ओल्या फडक्याचा डाग पडला तर जिथवर पाणी पोचतं तिथे तपकिरी कड उठते. इथे कड कुठेच नव्हती. पान या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखंच उजळलं होतं. कागद मऊ होता, पांढरा होता. चारही पेट्यांत सगळ्यांत निरोगी कागद या मेलेल्या अंकाचाच होता. असं एकाच गोष्टीने होतं. पान पुरतं निवळीत बुडवल्याने.

विद्यार्थिनीने मान वर केली आणि तिची आणि चिमटीची नजर भेटली. कळलं होतं तिला. राग नव्हता त्या नजरेत. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नजर लगेच खाली गेली, एखाद्या मोठ्या माणसाचं उघडं अंग चुकून दिसावं तशी.

"काय?" दादाने विचारलं. "होईल काही?"

"रंग परत येणार नाहीत," विद्यार्थिनी हळू म्हणाली, आणि वहिनींनी ते तसंच दादाला सांगितलं. "पण एक गोष्ट आहे. तुम्ही सांगत आलात, हा अंक छापलेला आहे."

"हो. एकच प्रत."

"हा छापलेला नाही." तिने भिंग दादाच्या हातात दिलं आणि पान तिरपं करून उजेडात धरलं. "इथे बघा. छपाईच्या रंगात बारीक ठिपके असतात ना, तशा ठिपक्यांच्या पुसट खुणा उरल्या आहेत. पण प्रत्येक ठिपक्याखाली कागद दबलेला आहे. टाकाच्या टोकाने. हे हाताने केलंय. साध्या रंगीत शाईने, एकेक ठिपका. छापल्यासारखं वाटावं म्हणून." तिने बाकीच्या पानांकडे बोट केलं. "एका पानावर पाच-सहा हजार ठिपके असतील. अशी सोळा पानं आहेत."

वहिनी हे सांगताना दारातून कधी आत आल्या आणि दादाजवळ कधी येऊन उभ्या राहिल्या, ते त्यांनाही कळलं नसावं. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. 'टाकाने' हा शब्द दादाला पहिल्यांदा कळला नाही, म्हणून त्यांनी बोटांनी टोचून दाखवलं.

दादाने भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. त्याचे खांदे हलायला लागले.

"मशीन चालू करायला लावलं म्हणाले होते मला," दादा म्हणाला. "मी जन्मभर सगळ्यांना तेच सांगितलं. आणि ते घरात बसून... कधी केलं असेल? मी तर समोरच असायचो बिछान्यात."

चिमटीला माहीत होतं. म्हणजे कधी केलं ते नव्हे, पण केलं हे तिला अकरा वर्षांपूर्वीच कळलं होतं, आणि या जगात एकटीलाच कळलं होतं. निवळीच्या ट्रेमध्ये पान सोडलं आणि पिवळा 'ठण्ण' पाण्यात उठून आला, तेव्हा. छपाईची शाई तेलकट, ती पाण्याला दाद देत नाही. हे ठिपके पाण्यात धूर होऊन वर येत होते. तिने चार पानं झटक्यात बाहेर काढली, पण सोळाच्या सोळा ट्रेमध्ये होती; तिला घाई होती म्हणून तिने सगळी एकदम सोडली होती. त्या दिवशी तिला आपल्या बापाची सगळ्यांत मोठी गोष्ट कळली, आणि ती ज्याची होती त्याला सांगता येईना. कशी कळली, हा पुढचा प्रश्न आलाच असता.

"चिमटे, तुला माहीत होतं हे?" दादाने विचारलं.

"मी लिहून घेते," विद्यार्थिनी घाईने मध्ये पडली. "नुकसानीचं कारण... नक्की सांगता येत नाही. असं लिहिते. इतक्या वर्षांनी खात्रीने काही म्हणता येत नाही."

या मुलीने आयुष्यात कधी खोटी नोंद लिहिली नव्हती. चिमटीने तिला तेवढं तरी नीट शिकवलं होतं. आता खोटं लिहायलाही शिकवून चिमटी मोकळी झाली.

"त्यात सांगता न येण्यासारखं काय आहे?" वहिनी म्हणाल्या. "मला वाटायचं, छापलेलं पुस्तक होतं, गेलं. वाईट झालं, पण पुस्तक होतं. हे तर त्यांनी... एवढे ठिपके..." त्या दादाकडे वळल्या, आणि नेहमीसारखे ओठ नीट हलवून, सावकाश म्हणाल्या, "मी फार मोठं नुकसान केलं हो तुमचं. तुम्ही चार महिने बोलला नाहीत ते कमीच."

केलं, म्हणाल्या त्या. चिमटीला अकरा वर्षांत जे क्रियापद जमलं नव्हतं ते वहिनींनी सहज उचलून स्वतःच्या अंगावर घेतलं. चिमटीला वाटलं, आत्ता या क्षणी आपण या खुर्चीत नसावं, या घरात नसावं, कुठेच नसावं.

"वहिनींनी नाही," ती म्हणाली. आवाज फुटला नाही, पुटपुटल्यासारखा आला. "त्या दिवशी... निवळीचं काम चालू होतं. दहा अंकांपर्यंत प्रत्येक रंगावर थेंब टाकून बघितला होता, टिकतो का. सगळे छापील, सगळे टिकले. पुढे चाचणी राहून गेली. हा अंकही त्यातच... म्हणजे पाण्यात गेला. रंग सुटले. ओली पानं टिपकागदावर ठेवून मी जरा मागच्या पायरीवर गेले होते. तेवढ्यात वहिनी टेबल पुसायला आल्या. मी परत आले तर त्यांच्या हातात पानं, आणि त्या विचारतायत, माझ्या फडक्याचं पाणी लागलं की काय? आणि मी... नाही म्हटलं नाही."

छोटी आत्याकडे अशी बघत होती, की जणू चुकीच्या घरात शिरली आहे. मग तिने समोरचा मजकुराचा कागद उचलला आणि मधोमध घडी घातली.

"काय म्हणाली ती?" दादाने विचारलं.

कोणीच उत्तर दिलं नाही.

"अरे, काय झालं? सगळे असे का बसलात? काय म्हणाली चिमटी?" त्याने सवयीने वहिनींच्या तोंडाकडे पाहिलं.

वहिनी चिमटीकडे बघत होत्या. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दादाला उत्तर दिलं नाही.

"त्यांना ऐकू आलं नाही," त्या चिमटीला म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही सांगा ना. तुमचं त्याला कळतं."

"नाही. हे मी सांगणार नाही. तुम्ही सांगा, ताई. इथे समोर या, आणि जोरात सांगा."

चिमटी उठली. टेबलाला वळसा घालून ती दादासमोर जाऊन उभी राहिली. एवढ्या जवळून तिने भावाचा चेहरा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तो लहान मुलासारखा तिच्या ओठांकडे बघत होता.

"अंक खराब झाला तो," ती मोठ्याने म्हणाली, "चाचणी राहून गेल्यामुळे..."

"काय राहून गेलं?"

"चाचणी. म्हणजे प्रक्रियेत..."

"मला कळत नाही, चिमटे. सोपं बोल."

बहिऱ्या माणसाशी आडवळणाने बोलता येत नाही. लांबलचक वाक्य वाटेतच सांडतं, त्याच्यापर्यंत कर्ता, कर्म आणि क्रियापद एवढंच पोचतं. चिमटीने श्वास घेतला आणि ती ओरडली. शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या जोरात.

"मी खराब केला. वहिनींनी नाही. मी."

दादाच्या कपाळावर आठी पडली. "तू?"

"मी पाण्यात बुडवला. न बघता. घाई केली. मग वहिनींवर आळ आला आणि मी गप्प बसले. मी खोटं वागले, दादा."

ते त्याला कळलं. चेहऱ्यावरून कळल्याचं दिसलं. आता थांबता आलं असतं. विद्यार्थिनी मान खाली घालून बसली होती, पोपट जमिनीकडे बघत होता. एवढी शोभा पुरे, असं कोणीही म्हणालं असतं. पण अजून एक गोष्ट होती. ती गोष्ट चिमटी स्वतःशीसुद्धा कधी पूर्ण वाक्यात बोलली नव्हती. आणि एकदा घसा फाडून बोलायला लागल्यावर ती आत राहीना.

"आणि वहिनींनी मला आधी सांगितलं होतं," ती तशीच ओरडून म्हणाली. "सकाळी. मी पानं सोडायच्या आधी. त्या चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, कोपरा भिजवून बघितलात का? दवाखान्याच्या धुलाईत आम्ही रंगीत चादर आली की आधी कोपरा भिजवून बघतो, म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, वहिनी, हे कपडे नाहीत. तुम्ही तुमचं काम करा. आणि मग मी पानं पाण्यात सोडली."

तिचा आवाज बसला. ती धापा टाकत उभी राहिली. दादा तिच्याकडे बघत होता. मग तिच्याकडे बघायचं सोडून बायकोकडे बघायला लागला.

"मग तू कबूल का केलंस?" शेवटी त्याने वहिनींना विचारलं. "तू केलंच नव्हतंस, तर हो का म्हणालीस?"

"मला तसंच आठवत होतं," वहिनी म्हणाल्या. "फडकं ओलं होतं. पानं ओली होती. तुम्ही सगळे इतक्या खात्रीने म्हणत होतात. तुमचं घर कागदाचं, तुम्हाला त्यातलं कळतं. मला वाटलं, माझंच चुकलं असणार." त्यांनी टेबलावरच्या पानांकडे पाहिलं, आणि चिमटीकडे वळून विचारलं, "मी असं म्हटलं होतं? कोपरा भिजवून बघा म्हणून?"

"हो."

"मला आठवतच नाही ते. फडकंच आठवतं फक्त. किती पिळलं होतं, किती नव्हतं, हेच आठवत बसले मी."

"तुम्ही म्हटलं होतं, वहिनी. दारातच उभ्या होतात. बरोबर म्हटलं होतं."

चिमटीला वाटलं, आता त्या रडतील, किंवा शिव्या देतील, किंवा उठून आत जातील. यातलं काहीही तिने मान खाली घालून घेतलं असतं. वहिनींनी दादाशेजारची खुर्ची ओढली आणि त्या टेबलाशी बसल्या. मांडीवर हात ठेवून, पाठ सरळ करून.

"ते कोपऱ्याचं परत सांगा," त्या म्हणाल्या.

"दादाला कळलं, वहिनी."

"त्यांच्यासाठी नाही," वहिनी म्हणाल्या. "मला ऐकायचंय."

चिमटीने परत सांगितलं.